सातशे बारा

मदन महल, जबलपूर
३ मार्च २०२४

पायल,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे माझं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं एका ओळीचं आहे. ते आधी लिहिते, म्हणजे मग कागद चुलीत घातलास तरी चालेल. मैत्रीचं रक्त तपासून घे. लिपिड प्रोफाइल म्हणायचं. गोंदियात कुठल्याही लॅबमध्ये करतात, दुसऱ्या दिवशी कागद हातात देतात. फेब्रुवारीत आठ पूर्ण झाली ना तिला? मग आता थांबू नकोस.

तुला फोन लागत नाही. प्रितम उचलतो आणि "दीदी, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतो. गोंदियाच्या शाखेत एवढ्या मीटिंगा होत असतील तर त्या बँकेचं कठीण आहे. तुझा नवरा असला तरी पाठचा भाऊ आहे माझा, त्याचं खोटं मला फोनवरही दिसतं. गेल्या वर्षी एकदाच तो जरा थांबला होता. मी म्हटलं, मैत्रीचं चेकअप करून घे. कशाचं, म्हणाला. मी म्हटलं, असंच, सगळं. त्याने फोन ठेवला. असंच, सगळं, असं सांगणाऱ्या बाईचं कोण ऐकेल?

म्हणून आता नीट सांगते. गेल्या महिन्यात मी माझं रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल तीनशे अडतीस आलं. मी ना तुपाची, ना मटणाची, संध्याकाळी खिचडी खाणारी बाई. डॉक्टर म्हणाले, हे खाण्यातलं नाही, घराण्यातलं आहे. आर्यनचं जे झालं ते याच्यामुळेच झालं असणार. अकरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या मैदानात हार्ट अटॅक येतो, याला दुसरं कारण नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की बहिणीचंही रक्त तपासा. मला सांगितलं होतं, मी घरातली शिकलेली म्हणून. मी म्हटलं, मी सांगते त्यांना. आणि तू महिन्याभरात सामान बांधून निघून गेलीस.

तू का गेलीस ते मला ठाऊक आहे. आर्यन गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी म्हणाले, पायलने त्याच्या गाठी दाखवत दोन वर्षं त्या कातडीच्या डॉक्टरकडे वाया घालवली. पन्नास माणसं बसली होती. तू पाण्याचा जग घेऊन उभी होतीस. तो शब्द मी परत घेते. तो मी बोलायला नको होता, आणि मी तर मुळीच बोलायला नको होता.

आर्यनचं रक्त आपण कधी तपासलंच नाही, ही आपली चूक झाली. मैत्रीच्या वेळी ती नको.

रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. पोचपावतीवर सही केलीस तरी मला पुरे.

गीताताई


१९ मार्च २०२४

पायल,

पोचपावती आली. तुझी सही अजून शाळेतल्यासारखीच आहे, पायलचा ल शेपटी लांबवलेला.

उत्तर नाही, म्हणजे तू तपासणी केली नाहीस असं मी धरून चालते आहे. कदाचित तुला वाटत असेल, ताई पुन्हा शहाणपणा शिकवून राहिली. म्हणून आज खरंच शिकवते. हा धडा मी शहपुऱ्याच्या कॉलेजात एकोणीस वर्षं हिंदीत शिकवला. मराठीत कधी सांगायची वेळ आली नाही, त्यामुळे शब्द अडतील तिथे सांभाळून घे.

आपल्या प्रत्येक पेशीला एक पापुद्रा असतो, दुधावरच्या सायीएवढाही जाड नाही. त्या पापुद्र्यात प्रथिनं रोवलेली असतात. काही दाराचं काम करतात, काही बाहेरचं पकडून आत घेतात. पण ती तिथे जन्मत नाहीत. पेशीच्या आत घड्याघड्यांची एक जाळी असते, तिथे त्यांचा धागा तयार होतो आणि त्याची घडी घातली जाते. घडी बरोबर बसली की एक इवलासा फुगा त्या प्रथिनाला घेऊन पुढच्या ठिकाणी जातो. तिथे त्यावर शेवटचा हात फिरतो आणि कोणतं कुठे जायचं त्याची निवड होते. मग दुसरा फुगा ते पापुद्र्याकडे नेतो. फुगा पापुद्र्याला टेकतो आणि त्यातच मिसळून जातो. प्रथिन बाहेर तोंड करून उभं राहतं. हे सगळं तुझ्या यकृतात तू हे वाचत असतानाही चालू आहे.

त्यातलंच एक प्रथिन रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडतं. कण पकडायचा, त्याच्यासकट आत जायचं, कण आत सोडायचा आणि रिकामं होऊन पुन्हा वर यायचं. दर दहाएक मिनिटांनी एक फेरी. शेकडो फेऱ्या मारतं बिचारं.

माझं रक्त मी मुंबईला जनुकाच्या तपासणीला पाठवलं होतं. काल त्याचा निकाल आला. आपल्या घराण्यात या प्रथिनाच्या धाग्यात एक अक्षर चुकलेलं आहे. त्यामुळे त्याची घडी नीट बसत नाही. ते तयार होतं, नाही असं नाही. पण त्या जाळीतच एक तपासनीस बसलेला असतो, तो त्याला पुढे सोडत नाही. थोडा वेळ अडवून ठेवतो आणि मग मोडून टाकतो. पापुद्र्यावर जागा रिकामी राहते, रक्तातलं कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं आणि मिळेल तिथे साचतं. कातडीत, टाचेच्या शिरेत, हृदयाच्या नळ्यांत. आर्यनच्या कोपरांवर पिवळ्या गाठी होत्या ना, डाळीएवढ्या, ते तेच होतं.

परवा वर्गात हाच धडा होता. शिवांगी पटेल म्हणून एक मुलगी आहे, पहिल्या बाकावरची, प्रश्न विचारून जीव खाते. तिने विचारलं, "मैडम, थोड़ा बहुत काम तो वो प्रोटीन कर ही लेता न, फिर सेल उसे बाहर जाने क्यों नहीं देती?" प्रश्न बरोबर होता. काही प्रथिनांच्या बाबतीत ते खरंही आहे, तशीच बाहेर जाऊ दिली तर थोडंफार काम करतात. मी तिला म्हटलं, उद्या सांगते. घंटा व्हायला वीस मिनिटं होती आणि मी खडू ठेवून बाहेर आले. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा केलं.

आता हिशेब समजून घे. या प्रथिनाची माहिती प्रत्येकाकडे दोनदा लिहिलेली असते, एकदा आईकडून, एकदा वडिलांकडून. एक चुकलेली असली तर अर्धी प्रथिनं पोचतात आणि माणूस चाळीस-पन्नासपर्यंत तग धरतो. दोन्ही चुकलेल्या असल्या तर जवळजवळ काहीच पोचत नाही. माझ्याकडे एक चुकलेली आहे, ती आईकडून आली. आईचे सख्खे भाऊ अंबादासमामा, तुझे बाबा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्टेशनच्या जिन्यावर बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्याकडेही तीच असणार. प्रितमला आईकडून मिळाली, तुला मामाकडून. आर्यनला तुम्हा दोघांकडून.

मैत्रीला दोन्ही चुकलेल्या मिळाल्या असण्याची शक्यता चारात एक. एक चुकलेली असण्याची चारात दोन. दोन्ही चांगल्या असण्याची चारात एक. यातलं काहीही असलं तरी आज त्यावर उपाय आहे, पण आधी कळायला हवं. तुझं आणि प्रितमचंही तपासून घ्या. तिचे कोपर बघ, गुडघे बघ, टाचेच्या मागची शीर चिमटीत धरून बघ जाड लागते का. गाठी नसल्या तरी रक्त तपासच.

गीताताई


२ एप्रिल २०२४

दुसरीही पोचपावती आली. सही तुझीच. वाचतेस एवढं कळलं. एक शब्दही नको, नुसता आकडा लिहून पाठव. पोस्टकार्डावर. मला एवढंच हवं आहे.


१४ एप्रिल २०२४

पायल,

आज सकाळी विहारात गेले होते. बाहेर मिरवणुकीची तयारी चालली होती, पोरं निळे फेटे बांधून राहिली होती. भय्यासाहेब मेश्राम भेटले, त्यांनी विचारलं, भावजय-भाचा कसे आहेत. त्यांना वयामुळे काही आठवत नाही हल्ली. मी म्हटलं, बरे आहेत. मग वंदनेला न बसताच घरी आले आणि आता हे लिहिते आहे.

तुझं लग्न मी लावलं. तुला वाटत असेल आईने लावलं. नाही, मी लावलं.

२००९ साली मामा इथे आले होते, तुझं बोलणं घेऊन. आईला तर हर्ष झाला. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, आपल्याकडे हे लहानपणापासून ऐकवतात. तू आमच्याकडे सुट्टीत यायचीस तेव्हापासून आई तुला सूनबाई म्हणून चिडवायची. तरी त्या रात्री जेवणं झाल्यावर आई माझ्या खोलीत आली. शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई, पण तिच्या डोक्यात काहीतरी खुपत होतं. तिच्या आईच्या घरची दोन लेकरं लहानपणीच गेली होती, आणि त्यांचे आईबापही मामे-आते होते, असं ती कुठेतरी ऐकून होती. ती मला म्हणाली, "गीता, तू शिकलेली हायेस. एकाच रक्तातलं लगीन झालं तर लेकराईले काही होते काय? तू सांगशील तसं करू."

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. याच विषयात, पेशीतली प्रथिनं कुठे आणि कशी पोचतात त्यात. मी उत्तर दिलं, "काही नाही होत आई. पिढ्यान्‌पिढ्या चालूनच राहिलं की आपल्यात."

मला माहीत होतं की होऊ शकतं. नेहमी होतं असं नाही, शंभरात चार-पाच घरांत होतं. पण तिने भाबडेपणाने विचारलं म्हणून मी भाबडं उत्तर द्यावं, एवढी मी भाबडी नव्हते. खरं कारण लिहिते. बाहेरची सून आली असती आणि प्रितमला घेऊन वेगळी राहिली असती तर आई माझ्या गळ्यात पडली असती. तू आलीस तर घर एकत्र राहणार होतं. तू घरचीच होतीस, तू कुठे जाणार होतीस? मला माझी नोकरी, माझा अभ्यास, माझी संध्याकाळची पुस्तकं सुटायला नको होती. एवढ्यासाठी मी तुझ्या लग्नाला हो म्हटलं. तेरा वर्षं तू आईचं केलंस, माझा डबा भरलास, मी शहपुऱ्याहून बसने येईपर्यंत चहा झाकून ठेवलास. मी स्वार्थी आहे हे तुला त्या डब्यातूनच कळलं असेल. मला कळायला उशीर लागला.

या गोष्टीचा मला पश्चात्ताप आहे, पण खरं सांगायचं तर रात्री जाग येते ती या गोष्टीने नाही. लग्नाच्या वेळी मला आर्यन ठाऊक नव्हता.

अजून एक आहे. ते आज लिहायचं ठरवून बसले होते. तीन कागद फाडले. बाहेर डीजे सुरू झाला आहे आणि मला सबब मिळाली आहे.

मैत्रीची तपासणी केलीस का?

गीताताई


५ मे २०२४

पायल,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की आर्यनचं रक्त आपण कधी तपासलं नाही. ते खोटं आहे. मी तपासलं होतं. तुला आणि प्रितमला न सांगता. मूळ रिपोर्ट या पत्रासोबत जोडला आहे. आधी तो पाहिलास तरी चालेल.

ऑक्टोबर २०२१. आर्यन दहा वर्षांचा होता. तुम्ही दोघं मैत्रीला घेऊन एका लग्नाला गेला होतात, तो माझ्याजवळ राहिला. त्याच आठवड्यात मी वर्गात हा धडा शिकवला होता आणि पुस्तकातलं चित्र फळ्याशेजारी लावलं होतं. एका मुलाचा कोपर, त्यावर पिवळ्या गाठी. रविवारी सकाळी आर्यन टेबलावर कोपर टेकून चित्रं काढत बसला होता. मी तो कोपर पाहिला. त्याआधी शंभरदा पाहिला होता, पण त्या दिवशी मला तो दिसला.

मी त्याला स्कूटरवर बसवून नेपियर टाउनला नेलं. रंगपेटी घ्यायची म्हणून. वाटेत पोहे-जलेबी खाल्ली, मग लॅबमध्ये गेलो. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटले, पण आवाज केला नाही. मम्मीला सांगू नको म्हटलं, उगाच घाबरेल. त्याने मान डोलावली.

सोमवारी मी रिपोर्ट आणायला गेले. टोटल कोलेस्टेरॉल, सातशे बारा. काउंटरवरच्या माणसाने कागद देताना विचारलं, "मैडम, बच्चा कुछ खा के आया था क्या? एक बार फास्टिंग में रिपीट करवा लीजिए, इतना तो होता नहीं."

मी त्याचं वाक्य उचललं आणि घरी घेऊन आले. पोराने पोहे-जलेबी खाल्ली होती, रिपोर्ट बिघडला. एवढं असतंच नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा करू. आता ऐक. खाल्ल्याने रक्तातली दुसरी चरबी वाढते, कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही. हे मला माहीत होतं. हा प्रश्न मी दर दोन वर्षांनी परीक्षेत घालते, दोन मार्कांना. जो विद्यार्थी चुकतो त्याचे दोन्ही कापते.

मग मी पुन्हा का केलं नाही? कारण पुन्हा तोच आकडा आला असता. मग तुम्हाला सांगावं लागलं असतं. सांगितलं की कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की २००९ च्या त्या रात्री आईला काय उत्तर दिलं तिथपर्यंत पोचायला कुणाला वेळ लागला नसता. आपल्या घरात कुठलीही गोष्ट ताईला विचारून होते. गॅस कुठला घ्यायचा, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, लग्न करायचं की नाही. ताई चुकली, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. मी तो कागद कॉलेजच्या कपाटात, जुन्या प्रॅक्टिकलच्या वह्यांखाली ठेवला. नोव्हेंबरमध्ये सेमिस्टरची परीक्षा होती. डिसेंबरमध्ये थंडी होती. मग आर्यन चांगला खेळत-खात होता. चौदा महिने असेच गेले.

शिवांगीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पेशीला कळत नाही की आपण काय अडवून ठेवलं आहे. मला कळत होतं.

दवाखान्यात, आर्यन मैदानात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मोठे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी त्याचे कोपर पाहिले होते. त्यांनी विचारलं, "पहले कभी लिपिड करवाया था बच्चे का?" मी म्हटलं, "नहीं, कभी नहीं." तू तेव्हा औषधं आणायला खाली गेली होतीस. प्रितम आत होता. आर्यन दुपारी चार वाजता गेला. म्हणजे मी ते खोटं बोलले तेव्हा तो जिवंत होता, पायल. आकडा सांगितला असता तर त्यांना काही करता आलं असतं की नाही, ते मी कुणाला विचारलेलं नाही. चौदा महिने आधी सांगितलं असतं तर करता आलं असतं. औषधं आहेत, रक्त गाळून कोलेस्टेरॉल काढायची सोय मोठ्या शहरांत आहे. नक्की वाचला असता असं मी लिहीत नाही. पण त्याला संधी मिळाली असती, ती मी मिळू दिली नाही.

आणि त्यानंतर पन्नास माणसांसमोर मी तुझं नाव घेतलं. कातडीच्या डॉक्टरकडे दोन वर्षं तू वाया घालवलीस म्हणून.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही याचा विचार करावा लागेल, आणि तुझ्या डोक्याला तेवढाही त्रास माझ्यामुळे नको. प्रितमला हे पत्र दाखव. तो मला बहीण म्हणणार नाही, ते बरोबरच आहे. फक्त मैत्रीला लॅबमध्ये ने. मी सांगते म्हणून नको. त्या कागदावरचा आकडा पाहून ने.

गीतांजली


गोंदिया
१८ मे २०२४

ताई,

जयभीम.

तुमची सगळी पत्रं मिळाली, कार्डही मिळालं. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. जमेल तसं लिहिते.

मैत्रीचं रक्त आर्यन गेला त्याच्या बाविसाव्या दिवशी तपासलं. दोनशे शहाण्णव आलं. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं. एकच खराब आहे, दुसरी चांगली आहे. दर सहा महिन्यांनी नेतो. माझं तीनशे दहा आहे, यांचं तीनशे पंचावन्न. आम्ही दोघं गोळी घेतो. म्हणजे तुम्ही जे सांगून राहिल्या ते सव्वा वर्षापूर्वीच झालं. तुमच्या काळजीला मी उत्तर द्यायला पाहिजे होतं, पण नाही दिलं. मी वाट पाहत होते, तुम्ही कोणत्या पत्रात लिहिता ते.

आर्यनने मला त्याच रविवारी रात्री सांगितलं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या. म्हणाला, आत्याने रक्त काढून आणलं, मी रडलो नाही, मम्मीला सांगू नको म्हणाली. मला हसू आलं. मला वाटलं, ताईंना त्या गाठींची काळजी वाटून राहिली, चला बरं झालं, घरच्या माणसाने पाहिलं. मी सोमवारी वाट पाहिली, मंगळवारी पाहिली. तुम्ही काही बोलल्या नाही. मग मी समजले की रिपोर्ट चांगला आला. खराब असता तर ताई बोलल्या नसत्या का? घरात प्रोफेसर असताना मी आणखी कोणाला विचारणार होते.

पुढच्या महिन्यात कातडीच्या डॉक्टरने मला विचारलं, याचं रक्त तपासलं आहे का, कोलेस्टेरॉलसाठी. मी सांगितलं, हो, त्याच्या आत्याने तपासलं, सगळं नॉर्मल आहे. त्याने लिहून ठेवलं आणि मलम दिलं. त्याच्या कागदावर अजून ते लिहिलेलं आहे. ते माझ्या तोंडचं आहे, तुमच्या नाही. हे मी यांनाही सांगितलेलं नव्हतं. काल सांगितलं.

दवाखान्यात मी औषधं आणायला खाली गेले नव्हते. पर्स विसरली म्हणून परत आले होते, दारात उभी होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता ताई सांगतील, हो केलं होतं, चांगलं होतं. तुम्ही नाही म्हणाल्या. तेव्हा मला सगळं समजलं. मी घर सोडलं ते त्यामुळे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही जे बोलल्या त्याने नाही. ते तर खरंच होतं, दोन वर्षं मीच नेत होते. आणि मैत्रीचं रक्त मी लगेच तपासलं तेही त्याच्यामुळे. त्या दिवसापासून तुमच्या भरवशावर काही सोडायचं नाही असं ठरवलं होतं.

यांनी तुमचं पत्र वाचलं. रिपोर्ट घेऊन बाहेर गेले, दोन तासांनी आले. रिपोर्ट आता आर्यनच्या फायलीत लावला आहे.

तुम्हाला घरी ये म्हणण्याइतकं मन माझं झालेलं नाही. होईल की नाही सांगता येत नाही. मी हे पत्र एका कामासाठी लिहून राहिले.

मैत्रीला आठ पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी गोळी सुरू केली. रोज रात्री अर्धी. पहिल्या दिवशी तिने विचारलं, कशासाठी. मी म्हटलं, दादाला जे झालं ते तुला होऊ नये म्हणून. तेव्हापासून रोज रात्री गोळी हातात घेतली की ती एकच विचारते, मग दादाला काहून नव्हती दिली? हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. मी तिला म्हणते, झोप. रोजच म्हणते. तीन महिने झाले.

मला तिच्याशी खोटं बोलायचं नाही, आणि खरं माझ्या तोंडून निघत नाही. तुम्हाला समजावून सांगता येतं. तुम्ही तिला पत्र लिहा. माझ्या नावाने नाही, तिच्या नावाने. तिला आता वाचता येते, फक्त जोडाक्षरं अडतात. मोठ्या अक्षरात लिहा आणि सगळं लिहा. मी आधी उघडून पाहणार नाही.

पायल